लालबाग ते अपोलो बंदर, पायी

मुंबई पायी पाहायची म्हटलं की पहिला वाद वाटेवरून होतो. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरवतो, फोर्टातून गेटवेला नेतो आणि समोरच्या ताजपुढे उभं करून फोटो काढतो. ही वाट माझा मित्र श्रीकांत याला मान्य नाही. तो कामगार वस्त्यांत काम करतो. त्याच्या मते ही साहेबाने आखलेली वाट आहे आणि आपण अजून तिच्यावरूनच चालतो आहोत. त्याच्या आत्यांनी आयुष्यभर गिरगावातल्या शाळेत इतिहास शिकवला. त्यांच्या मते वाट कुणी आखली याला महत्त्व नाही, तिच्यावर चालताना डोळे उघडे आहेत का, एवढंच पाहावं. शेवटी तडजोड झाली: सकाळ श्रीकांतची, लालबागेतून, दुपार आत्यांची, फोर्टात, आणि मध्ये वाहन नाही. जानेवारीतल्या एका रविवारी मी दोघांबरोबर चाललो. त्यांचं बोलणं इथे देतो आहे. जिथे मला एकाचं म्हणणं अधिक पटलं, तिथे तसं सांगितलं आहे.

लालबागेत भारतमाता सिनेमाच्या नाक्यावर चहा झाला आणि श्रीकांतने सुरुवात केली.

श्रीकांत: आत्या, प्रेक्षणीय स्थळं पाहायला आधी सुट्टी लागते. आजच्या रविवारची सुट्टी कामगारांना इथल्याच माणसांनी मिळवून दिली. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मागणी लावून धरली, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे १८९० मध्ये गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. म्हणून मुंबई पाहायला निघायचं तर पहिलं पाऊल इथे पडायला हवं.

आत्या: लोखंड्यांबद्दल मी वर्गात शिकवलंय. पण ते पुस्तकात वाचता येतं. पायी आले ती डोळ्यांनी काही दिसावं म्हणून. इथे काय दिसतं ते दाखव.

श्रीकांत: चिवडा गल्ली दिसते. मसाल्यांची दुकानं दिसतात. उन्हाळ्यात ठसका लागल्याशिवाय इथला रस्ता ओलांडता येत नाही. कोकणातला आणि घाटावरचा माणूस एकाच चाळीत राहिला, पण मसाला ज्याला त्याला आपल्याच गावचा हवा होता. एका गाळ्यात दहा-पंधरा जण, दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका इथल्याच. त्यांच्यातूनच प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. हे सगळं तुला दिसत नाही?

आत्या: तू सांगतोस म्हणून कळतं. तू नसतास तर मला चिवड्याची दुकानं आणि पाठीमागचे टॉवर दिसले असते. माझं दुखणं तेच आहे. जे पाहण्यासारखं आहे असं कुणी वेळेवर म्हटलं नाही, ते पाडलं गेलं. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला गॉथिक इमारती आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेको घरं अजून उभी आहेत. लोकांनी ती पाहिली, त्यांच्यावर लिहिलं, रहिवासी वर्षानुवर्षं मागे लागले आणि २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत ती गेली. तुमच्या गिरण्या कुणी पाहिल्या? पाहुणा आला की तुम्हीसुद्धा त्याला गेटवेलाच नेलंत.

श्रीकांत: गिरण्या कुणी पाहिल्या नाहीत म्हणून गेल्या नाहीत. त्या जमिनीच्या भावामुळे गेल्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर पडला, आणि त्यातले बरेच परत आत गेलेच नाहीत. १९९१ च्या नियमात जमिनीचे तीन वाटे ठरले होते: शहराला एक, घरांसाठी एक, मालकाला एक. २००१ मध्ये तो नियम असा बदलला की वाटणी फक्त मोकळ्या जागेची, बांधकाम असलेल्या जागेची नाही. गिरणीत मोकळी जागा ती किती असणार? याला प्रेक्षक काय करणार होते?

आत्या: ओव्हलसमोरची जमीन काय स्वस्त आहे? तिथेही मोह होताच. पण तिथे बघणाऱ्याची लाज होती.

मला इथे आत्यांचं पटलं. भाव वाढला म्हणून गिरणी गेली हे खरंच आहे. पण धुराड्याकडे मान वर करून पाहणारी चार शाळांची मुलं दरवर्षी आली असती, तर ते धुराडं पाडणं इतकं सोपं गेलं नसतं. पर्यटक म्हणजे नुसता रिकामा माणूस नव्हे. तो साक्षीदारही असतो.

चिंचपोकळी मागे टाकून आम्ही भायखळ्याला राणीच्या बागेत शिरलो. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात फोर्टातून हटवलेले पुतळे आहेत. काळ्या घोड्यावरचा एडवर्डही तिथेच आहे. १८७९ मध्ये फोर्टात उभारलेला हा पुतळा १९६५ मध्ये उचलला गेला. त्याच परिसरात घारापुरीचा दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून त्या बेटाला परकीयांनी हत्तीचं नाव दिलं.

श्रीकांत: राजा हलवला ते बरं केलं. हलवला नसता तर मीच अर्ज केला असता.

आत्या: हलवला ते चूक नाही. पण इथे आल्यावर त्याच्याखाली दोन ओळी वाचायला मिळायला हव्यात: कुठे होता, कुणी पैसे दिले, का हलवला. पुतळा अल्बर्ट ससून यांनी दिला होता, बगदादहून आलेल्या ज्यू घराण्यातला माणूस. एवढ्या एका वाक्यात मुंबईचा व्यापार, राजनिष्ठा आणि दानधर्म सगळं येतं. आणि गंमत पाहा, फोर्टातला पुतळा बागेत आला, तसं या बागेसाठी ठरलेलं फ्लोरा फाउंटन फोर्टात गेलं. १८६४ मध्ये ते तिथे उभं राहिलं. या शहराच्या वस्तू एका जागी बसत नाहीत, माणसांसारख्याच.

भायखळ्याहून जे. जे.कडे जाताना डोक्यावर उड्डाणपूल सुरू होतो. २००२ मध्ये झालेला हा पूल जवळजवळ अडीच किलोमीटर लांब आहे आणि मोहम्मद अली रोडच्या खिडक्यांना घासत जातो. मोटारीतला माणूस पाच-सहा मिनिटांत क्रॉफर्ड मार्केटला उतरतो. खाली मिनारा मशीद आहे, फिरनीची दुकानं आहेत, लाकडी सज्ज्यांची घरं आहेत. यातलं काहीही त्याच्या वाट्याला येत नाही. याबाबत दोघांचं एकमत होतं, त्यामुळे बोलणं थोडक्यात आटपलं. मग आत्या थांबल्या.

आत्या: आता मला सांगा, इथे बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे?

श्रीकांतला सांगता येईना. त्याने फोन काढला.

आत्या: फोनमध्ये नको बघूस. मी चाळीस वर्षं मुली घेऊन सहलीला निघायचे. वाटेत काय पाहायचं ते नंतर, आधी ही सोय कुठे आहे ते लिहून ठेवायचे. सकाळपासून मी पाणी पीत नाहीये ते तुमच्या लक्षातही आलं नाही. २०११ मध्ये मुंबईतल्या संस्थांनी यासाठी ‘राइट टू पी’ ही मोहीम काढली तेव्हा लोकांना शब्द ऐकून संकोच वाटला. संकोच शब्दाचा नको, परिस्थितीचा हवा. तू रस्त्यावरच्या माणसाबद्दल बोलतोस ना, त्यातली अर्धी माणसं बायका आहेत.

श्रीकांत: बरोबर आहे तुझं. आम्ही मोर्चे काढतो तेव्हाही हे शेवटी आठवतं.

शेवटी एका उपाहारगृहाच्या मालकाने आत जायला सांगितलं. त्या माणसाचा चांगुलपणा मला आठवतो. पण बाईचं शहरातलं हिंडणं कुणाच्या चांगुलपणावर अवलंबून असावं हे मला मान्य नाही. मुंबई किती चालण्याजोगी आहे हे मोजायचं असेल तर सत्तरीच्या बाईबरोबर चालून पाहावं.

क्रॉफर्ड मार्केट म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ ची. तिच्या दरवाजांवर लॉकवुड किपलिंग यांनी कोरून घेतलेली शेतकऱ्यांची आणि बाजाराची शिल्पं आहेत. आत्यांनी ती श्रीकांतला दाखवली. समोरच्या जे. जे. कलाशाळेत किपलिंग शिकवत असत. टर्मिनसच्या खांबांवरची पानं, मोर, माकडं, चेहरे हे काम त्याच शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं काम चाललं. आम्ही समोरच्या फूटपाथवर उभे राहिलो.

आत्या: तुला साहेबाची इमारत दिसते. मला इथल्या पोरांचे हात दिसतात. त्या जाळीतली खार बघ, ती विलायतेची खार नाही. पाठीवर पट्टे आहेत.

श्रीकांत: मला आणखी एक गोष्ट दिसते. इथेच, या टोकाला, १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी पादचारी पूल कोसळला. कामावरून घरी निघालेली माणसं गेली. हिमालय पूल. तुझ्या वारसा सहलीत तो सांगतात का?

आत्या: मी सांगते. आजपासून सांगेन असं नाही म्हणत, आधीपासून सांगते. गॉथिक खांब कसा तोलून धरतो हे मुलांना समजावताना मी पुलाबद्दल बोलते. दीडशे वर्षांची कमान उभी आहे आणि आपल्या काळातला पूल पडला. यातलं शिक्षण मोठं आहे.

श्रीकांतने यावर उत्तर दिलं नाही. मला वाटतं, दिवसभरात तो आत्यांच्या सर्वांत जवळ आला तो या क्षणी.

पण पुढे दादाभाई नौरोजी रस्ता होता, आणि तिथे दोघं पुन्हा समोरासमोर उभे ठाकले. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारतींच्या तळमजल्याला कमानींची ओळ आहे. १८९६ मध्ये सरकारी नियमाने ठरलं की इथे बांधणाऱ्याने रस्त्याच्या बाजूला पादचाऱ्यांसाठी कमानीखालची वाट सोडायची. मालक वेगळे, वास्तुविशारद वेगळे, कुणाचं काम गॉथिक, कुणाचं आणखी कसलं, पण चालणारा एका सलग सावलीतून जातो.

आत्या: ताजमहालापेक्षा मला हे सुंदर वाटतं. जमिनीचा भाव तेव्हाही होता. तरी प्रत्येक मालकाने आपल्या जागेतला पट्टा अनोळखी चालणाऱ्याला दिला. ऊन बाहेर, पाऊस बाहेर. मोटार यायच्या आधीचं हे शहर पायांचा विचार करून बांधलेलं आहे. वाटेवर प्याऊ होत्या, कुणी वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेल्या, कुणी मुलीच्या. परळ-दादरच्या जुन्या वाटेवर मैलाचे काळे दगड होते. आणि आता या कमानीत मला बॅगांच्या, घड्याळांच्या, चार्जरच्या ढिगांतून अंग चोरून जावं लागतं. हे मला सहन होत नाही.

श्रीकांत: आज रविवार आहे. दुकानं बंद आहेत. शटरसमोर बसून तो माणूस कुणाची वाट अडवतोय? फेरीवाला इथे बसतो तो इथून माणूस चालतो म्हणून. जिथे माणूस चालत नाही तिथे तो बसत नाही. आणि २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की आधी सर्वेक्षण करा, समिती नेमा, जागा ठरवून द्या, तोवर कुणाला उठवू नका. उठवायची गाडी मात्र वेळेवर येते.

आत्या: कायद्याने त्याला जागा द्यावी, मी त्याच्या पोटावर पाय द्यायला सांगत नाही. पण ती जागा चालणाऱ्याच्या सावलीत का? मी म्हातारी बाई भर पावसात रस्त्यावर उतरते, बसच्या पुढ्यात, ते कुणाच्या हिशेबात धरायचं?

श्रीकांत: रात्री नऊला या कमानीतून एकटी जाशील, फेरीवाले नसतील तर?

आत्या: नाही जाणार. त्यांचे दिवे असतात म्हणून जाते. ते मी कबूल करते. पण दिव्याचं काम महापालिकेचं आहे. गरीब माणसाला फुकटचा पहारेकरी करून त्यावर त्याचा हक्क सिद्ध करू नकोस.

श्रीकांत: अण्णा भाऊ साठे वाटेगावहून घरच्यांबरोबर पायी चालत मुंबईला आले. लहान पोर होते. त्यांच्यासाठी वाटेवर कमान नव्हती, प्याऊ कुठे होती कुठे नव्हती. या शहरात आलेल्या लाखो पायांना कुणी सावली दिली नाही, त्यांनी मिळेल तिथे ती घेतली. तुझ्या कमानीतला फेरीवाला त्यांच्यातलाच आहे. तो इथे सहल म्हणून आलेला नाही.

आत्या: म्हणून ज्याच्याकडे मोटार नाही त्यानेच दुसऱ्या मोटार नसलेल्याला जागा द्यायची? अण्णा भाऊंचं नाव घेऊन हा हिशेब जुळत नाही.

मी कमानीबाहेर पाहिलं. कडेने मोटारी ओळीने उभ्या होत्या, एकेक मोटार दोन-तीन फेरीवाले मावतील एवढी जागा धरून. त्यातली एकही दिवसभर हललेली दिसत नव्हती. मी दोघांना ते दाखवलं. कमान चालणाऱ्याला आणि बाहेरची कड पथारीला दिली, तर भांडण उरत नाही. पण उभ्या मोटारीला आपण अतिक्रमण म्हणत नाही, कारण तिचा मालक रस्त्यावर बसलेला दिसत नाही. चालणारा आणि विकणारा यांना एका चिंचोळ्या पट्टीत ढकलून दिल्यावर ते एकमेकांशी भांडणारच. आत्या म्हणाल्या, मोटारी हटतील यावर माझा विश्वास नाही. श्रीकांत म्हणाला, माझाही नाही, पण मागणी तीच असायला हवी.

हुतात्मा चौकात श्रीकांतने चप्पल काढली. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे गोळीबार झाला. मागे रोमन देवता फ्लोरा, पुढे मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. कारंजं न हलवता शेजारी हुतात्म्यांना उभं केलं हे मला या शहराचं मोठेपण वाटतं. तिथून आम्ही पूर्वेला वळलो आणि सेंट थॉमस कॅथीड्रलपाशी आलो. हे चर्च १७१८ चं. परळ-दादरच्या वाटेवरच्या मैलाच्या दगडांवरचे आकडे इथून मोजलेले होते. म्हणजे सकाळपासून आम्ही आकडे उलटे मोजत शून्याकडे चाललो होतो. पुढे एशियाटिकच्या तीस पायऱ्या. १८३३ चा हा टाउन हॉल. दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षं इथल्या ग्रंथालयात वाचत बसायच्या. रविवार असल्याने आत जायचा प्रश्नच नव्हता. आत्या पायरीवर बसल्या.

श्रीकांत: या पायऱ्या मला आवडतात. तिकीट नाही, पहारेकरी हटकत नाही, कुणीही बसतं.

आत्या: पायऱ्या चढणाऱ्याला दमवण्यासाठी बांधल्या होत्या, लोकांनी त्यांचं बसायचं ठिकाण केलं. इथे मात्र मी तुझ्या बाजूची आहे. बसायला जागा नसेल तर पायी हिंडणं तरुणांपुरतं उरतं. १८६३ मध्ये गोविंद नारायण माडगांवकरांनी ‘मुंबईचे वर्णन’ लिहिलं. मराठीत अख्ख्या मुंबईबद्दल असं पुस्तक तोवर नव्हतं. त्यात इमारती आहेत, तशा जाती, धंदे, बाजार, रस्ते, सणही आहेत. त्या माणसाला तुझ्या-माझ्यासारखं एक निवडावं लागलं नाही.

श्रीकांत: त्यांना एवढं चालायला जमलं, कारण शहर पायांच्या आवाक्यात होतं.

आत्या: अजूनही आहे. आज आपण आलोच की.

काळा घोडा आम्ही ओलांडला. तिथे २०१७ पासून नवा घोडा आहे, स्वाराशिवाय. सकाळी भायखळ्यात स्वारासकट जुना पाहिला होता, म्हणून श्रीकांतला हा अधिक आवडला. रीगल सिनेमा डावीकडे ठेवून आम्ही अपोलो बंदरावर, गेटवेला पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं.

आत्या: १९११ मध्ये राजा पंचम जॉर्ज इथे उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच. तात्पुरता मांडव होता. दगडी कमान १९२४ मध्ये पुरी झाली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण हिच्याखालूनच निघून गेली. यायला उशीर झाला, जायला मात्र उपयोगी पडली.

श्रीकांत: छान सांगितलंस. पण मुंबईचं दार हे नव्हे. इथून राजे आले, लाटसाहेब आले. कोकणातला गिरणीकामगार बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरला, डोक्यावर वळकटी घेऊन. १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ बोट रेवसला निघाली तीही तिथूनच, आणि परत आली नाही. तिथे कमान नाही. पाहुण्याला तिथे कुणी नेत नाही.

आत्या: नेत नाही हे खरं. तू ने.

श्रीकांत: येशील?

आत्या: येईन. धक्का ते काळाचौकी ते लालबाग, अशी वाट काढ, उतरलेला माणूस जसा चालत गेला असेल तशी. पण त्या वाटेवर जुनं जे जे उभं आहे त्याचं साल आणि बांधणाऱ्याचं नाव तू शोधून आणायचं. तुझ्या माणसांच्या इमारतींनाही तारखा असायला हव्यात. आणि फेरीवाल्यांबद्दल मी काही मान्य केलेलं नाही.

श्रीकांत: मीही नाही.

आत्या: असू दे. वाटेत बायकांसाठी सोय कुठे कुठे आहे, ते मात्र आदल्या दिवशी स्वतः चालून बघून ये.